कासराभर दिवस म्हणजे किती वाजले?

शाळेत मराठीच्या बाई सांगत, "अवांतर वाचन करा, शब्दसंग्रह वाढतो." घरी आजोबा सांगत, "कादंबऱ्या वाचून डोकं बिघडतं." मराठी मुलं कित्येक पिढ्या या दोन उपदेशांच्या मधल्या जागेत, म्हणजे बहुधा माळ्यावर किंवा पांघरुणाखाली, कादंबऱ्या वाचत आली. आजोबांच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी. संस्कृतात 'कादंबरी' या शब्दाचा एक अर्थ मद्य असा आहे. बाणभट्टानं ते नाव आपल्या नायिकेला दिलं आणि मराठीनं (कन्नडनंही) त्या एका बाईच्या नावानं अख्ख्या वाङ्मयप्रकाराचं बारसं केलं. शेजारी हिंदीनं 'उपन्यास' असा मास्तरी शब्द घेतला, गुजरातीनं 'नवलकथा' असा सोज्वळ. आपण थेट दारूचा घेतला. तेव्हा सून दुपारी कादंबरी घेऊन बसते, या पूर्वीच्या सासवांच्या तक्रारीला शब्दशास्त्राचा भक्कम पाठिंबा होता. त्यांना तो ठाऊक नव्हता इतकंच.

बाईंचं म्हणणंही खोटं नव्हतं. शब्द मिळतात. फक्त बाईंना वाटायचं तसे ते मिळत नाहीत. बाईंच्या डोळ्यांसमोर असा एक विद्यार्थी असे, की जो वाचता वाचता अडला की वही काढतो, शब्द उतरवतो, कोश उघडतो, अर्थ लिहितो आणि शेवटी शब्दाचा वाक्यात उपयोग करून दाखवतो. असा विद्यार्थी मी पाहिलेला नाही. पाहिला असता तर त्याच्याशी मैत्री केली नसती.

आता योगायोग बघा. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ सालची. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी, वाढवलेली, साठ हजारांच्या आसपास शब्दांची आवृत्ती, तीही १८५७ सालचीच. (त्या सालातलं लोकांना दुसरंच काही आठवतं, तो भाग वेगळा.) कादंबरी आणि कोश एकाच वर्षी घरात आले आणि त्यानंतर त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. कादंबरी कॉटवर लोळत वाचली जाते. कोश कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर असतो आणि तो काढायला स्टूल लागतं. दाते, कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ ते १९३८ या काळात 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात विभाग काढले. एवढं प्रचंड काम त्या काळात कसं उरकलं असेल या विचारानं छाती दडपते. पण ते सात खंड ज्या घरात आहेत, त्या घरात ते किती वेळा उघडले गेले हे त्यांच्यावरची धूळ सांगते.

यात आळस आहेच, पण त्याहून मोठं कारण मानपानाचं आहे. इंग्रजी कादंबरी वाचताना आपण कोश जवळ घेऊन बसतो आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. उलट पाहुणा आला तर कोश जरा दिसेल असा ठेवतो. परकी भाषा आहे, अडणारच. मराठीचं तसं नाही. मराठी कादंबरी वाचताना मराठी कोश उघडणं म्हणजे आपल्याला मातृभाषा येत नाही असं स्वतःच्या हातानं लिहून देणं. ते कोण देणार? त्यापेक्षा अडलेला शब्द अंदाजपंचे ओलांडून पुढे जाणं केव्हाही इभ्रतीचं.

आणि हा अंदाज काही वाऱ्यावरचा नसतो. त्याचं एक शास्त्र प्रत्येक मराठी वाचकाच्या डोक्यात आपोआप तयार झालेलं असतं. अनोळखी शब्द जंगलात आला तर ते झाड. चुलीजवळ आला तर भांडं. बाईच्या गळ्यात आला तर दागिना. बैलाजवळ आला तर दोरी. एवढ्या चार नियमांवर माणूस अर्धं मराठी साहित्य आरामात वाचू शकतो. ऐन, किंजळ, हेळा, पांगारा : चारही झाडं. पुढे चला. म्होरकी, वेसण, कासरा, जुपणी : दोऱ्या. पुढे चला. कधी कधी 'शिवळ' येते, जी लाकडाची खुंटी असते, किंवा 'रुमणं' येतं, जी नांगराची मूठ असते. पण ती दोरी समजून वाचली म्हणून कथानकाचं काही बिघडत नाही. नांगर कादंबरीभर व्यवस्थित चालतो.

हे शास्त्र कोकणात मात्र पार कोलमडतं. श्री. ना. पेंडशांच्या 'गारंबीच्या बापू'पासून (१९५२) गो. नी. दांडेकरांच्या 'पडघवली'पर्यंत कोकणातल्या कादंबऱ्या वाचायला घेतल्या की पहिल्या काही पानांतच माणसाला एक घर बांधून घ्यावं लागतं, आणि नकाशा मिळत नाही. ओटी, पडवी, माजघर, मांगर, खळं, आगर, गडगा, पाखाडी, बेडं, पऱ्ह्या. देशावरच्या वाचकाच्या घरात हे सगळं येतं खरं, पण कुठेही येतं. माझ्या एका मित्राच्या डोक्यातल्या घरात पाखाडी माडीवर होती. सगळी पात्रं सारखी पाखाडीवरून येत-जात असल्यामुळे त्याला ती गॅलरी वाटली होती. पाखाडी म्हणजे चढणीची दगडी पायवाट हे कळल्यावर तो काही खूश झाला नाही. एवढी वर्षं माडीवर वावरणारी माणसं त्याला एकदम घराबाहेर काढावी लागली.

'बेडं' या शब्दाबद्दल आमच्या भागातल्या वाचनालयाच्या एका जुन्या प्रतीत समासात पेन्सिलीनं एक चर्चा चाललेली आहे. पहिल्या अक्षरात लिहिलंय : "बेडं = तुरुंग?" खाली दुसऱ्या, जरा तिरक्या अक्षरात : "नव्हे. कुंपणाचं लाकडी फाटक. कोकणात जाऊन या." त्याखाली तिसऱ्या अक्षरात : "पाहिलं. बरोबर आहे." आणि सर्वांत खाली, शाईनं, अधोरेखित : "ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहू नये." हा चौथा माणूसही पुस्तकातच लिहितो आहे हे त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. मराठीत कोशकार्य असं चालतं. एकजण शंका घेतो, दुसरा टोमणा मारून उत्तर देतो, तिसरा पडताळून येतो आणि चौथा नियम दाखवतो. सात खंड काढणाऱ्या मंडळींमध्येही ही चारही माणसं असणार याबद्दल मला शंका नाही.

घराचं एकवेळ चालतं, वेळेचं चालत नाही. ग्रामीण कादंबरीत घड्याळ नसतं. तिथे तांबडं फुटतं, झुंजुमुंजू होतं, उन्हं कलतात, दिवेलागण होते, कडूसं पडतं. शहरी वाचक यातलं प्रत्येक वाक्य मान डोलावत वाचतो आणि किती वाजले ते त्याला शेवटपर्यंत कळत नाही. 'दिवस कासराभर वर आला' हे तर माझं खास आवडतं वाक्य. कासरा म्हणजे बैलाची लांब दोरी. क्षितिजापासून सूर्यापर्यंत ती दोरी मनानं लावायची आणि वेळ ओळखायची. ज्यानं बैल पाहिला तो बैलपोळ्याला आणि दोरी पाहिली ती वाळत घातलेल्या कपड्यांची, त्यानं हे गणित कसं करावं? मी गावाकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला एकदा सरळ विचारलं, "आबा, दिवस कासराभर वर आला म्हणजे नक्की किती वाजले?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं आणि मग मनगटावरच्या घड्याळात बघून सांगितलं, "आत्ता साडेदहा झाल्यात. कासराभर कवाच होऊन गेला."

ऐतिहासिक कादंबऱ्यांत वेळ तरी मोजता येते. साठ पळांची घटका, साडेसात घटकांचा प्रहर, आठ प्रहरांचा दिवस. म्हणजे 'दोन घटकांत येतो' म्हणून गेलेला सरदार पाऊण तासाच्या जरा पुढेमागे परत यायला हवा. पण तो कधीच येत नाही, हे आपल्याला कथानकावरून कळतं.

ऐतिहासिक कादंबरीनं मराठी माणसाला जेवढे शब्द दिले तेवढे सगळ्या शाळांनी मिळून दिले नसतील. 'स्वामी' (१९६२), 'श्रीमान योगी' (१९६८), 'छावा' (१९७९), 'पानिपत' (१९८८) : या पुस्तकांवर पोसलेल्या घरांत एक वेगळीच मराठी बोलली जाते. आमची एक आत्या या घराण्यातली. ती स्वयंपाकघराला मुदपाकखाना म्हणते, दागिन्यांच्या कप्प्याला जामदारखाना म्हणते आणि सासरच्या माणसांचा मोठा लवाजमा न कळवता आला की दार उघडून आत येते आणि हळूच सांगते, "बाजारबुणगे आलेत." पानिपतच्या मोहिमेत फौजेबरोबर गेलेल्या बिनलढाऊ गर्दीला हा शब्द होता आणि ती गर्दी फौजेचं अन्न खात होती. आत्याचा उपयोग शब्दशः अचूक आहे. आतोबांना इतिहासाची आवड नसल्यामुळे त्या घरात अजून शांतता नांदते.

दरबारी कारभाराच्या अठरा कारखान्यांनी तर लहान वाचकांचा फार छळ केला आहे. 'खलबतखाना' म्हणजे गुप्त मसलतीची जागा. पण ज्या मुलानं घरात खलबत्ता पाहिला आहे, त्याला 'रात्रभर खलबतखान्यात बसून होते' या वाक्याचा एकच अर्थ लागतो, आणि एवढं रात्रभर काय कुटत असतील या काळजीनं त्याची झोप उडते. 'पिलखान्या'त हत्ती असतात, पिल्लं नसतात. 'उष्टरखान्या'त उंट असतात. खरकटी भांडी नसतात. पुण्याच्या वाचकाला आणखी एक अडचण. 'फरासखाना' म्हणजे तंबू, बिछायती, सतरंज्या यांचं कोठार. पण बुधवार पेठेत त्या नावाचं पोलीस ठाणं आहे. त्यामुळे कादंबरीत "फरासखान्याकडून डेरे आणवा" असा हुकूम सुटला की पुणेकराच्या डोळ्यांसमोर एक हवालदार रजिस्टरवर सही घेऊन तंबू देताना दिसतो. 'वकील' हा असाच. पेशवाईतला वकील म्हणजे दुसऱ्याच्या दरबारात राहणारा आपला प्रतिनिधी. काळा कोट नाही, तारीख नाही. "पेशव्यांनी वकील पाठवला" हे वाचून, आता हा खटला पिढ्यान्‌पिढ्या चालणार असं ज्याला वाटलं, त्याचाही अंदाज शेवटी अगदीच चुकला असं म्हणता येत नाही.

गंमत अशी की यातल्या फारसी-अरबी शब्दांना पर्याय हवेत म्हणून खुद्द शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला. रघुनाथपंतांनी चौदाशेच्या आसपास शब्द घेऊन त्यांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तीनशे वर्षांनी कादंबरीकार आले आणि त्यांनी नेमके ते जुने शब्द वेचून पुन्हा दरबारात आणून बसवले. त्यांचंही बरोबर आहे. रात्रीच्या अंधारात हिलाल आणि पलोते भडकले पाहिजेत. तिथे 'दीप प्रज्वलित करण्यात आले' असं लिहिलं तर गडावर स्नेहसंमेलन आहे असं वाटेल.

ऐतिहासिक शब्दांची निदान किंमत चुकती होते. गड पाहायला गेलात तर 'फांजी' आणि 'जंग्या' म्हणत भाव मारता येतो. खांडेकर-फडके पिढीच्या कादंबऱ्यांतून मिळालेल्या शब्दांचं मात्र काय करायचं हा प्रश्न आजवर सुटलेला नाही. अनिमिष नेत्र. भ्रूभंग. किंकर्तव्यमूढ. विमनस्क. त्या पिढीतले नायक विमनस्क झाले की येरझाऱ्या घालत. दिवाणखाने प्रशस्त असत. वन-बीएचकेमध्ये विमनस्क व्हायची सोय नाही. दोन पावलांवर फ्रिज येतो, माणूस तो उघडून आत बघतो आणि मनःस्थिती पालटते. 'कृतककोप' हा त्या कादंबऱ्यांतला सर्वांत धोकादायक शब्द. कृतक म्हणजे खोटा, लटका. नायिका कृतककोपानं नायकाकडे बघते, मग हसते, प्रकरण संपतं. हा शब्द वाचून लग्न केलेल्या पुरुषांची एक अख्खी पिढी या महाराष्ट्रात होऊन गेली. समोरचा कोप कृतक आहे अशा समजुतीवर त्या बिचाऱ्यांनी काय काय भोगलं असेल याची नोंद कुठल्याही कोशात नाही.

मराठी एकच आहे असं आपण भाषणात म्हणतो. कादंबरी ते सहज खोटं पाडते. उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) किंवा वऱ्हाडातली कुठलीही चांगली कादंबरी पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकानं हातात घ्यावी. तिथे लोक 'बंडी' जुंपतात. पुण्या-साताऱ्याकडे बंडी म्हणजे अंगात घालायची बिनबाह्यांची जाकिटवजा वस्तू. ती बैलांना का जुंपायची आणि जुंपून बाजाराला का जायचं, हे त्याला कळत नाही. बंडी म्हणजे बैलगाडी हा उलगडा बहुधा तेव्हा होतो, जेव्हा त्या बंडीत बसून चार माणसं आणि दोन कापसाची गाठोडी जिनिंगला जातात. एवढी माणसं एका जाकिटात बसणार नाहीत एवढं वाचकाला कळतं. 'धुरा' म्हणजे दोन वावरांमधला बांध, हे कळेपर्यंत धुऱ्यावरून झालेली भांडणं त्याला पक्षनेतृत्वाची वाटलेली असतात. तेही तितकंसं चूक नाही. कोर्टात दोन्ही सारखीच जातात.

'पाट' या शब्दानं तर फार जणांना फसवलंय. पाट म्हणजे बसायचा. पाट म्हणजे पाण्याचाही. पण जुन्या ग्रामीण कादंबरीत "त्यानं तिच्याशी पाट लावला" असं येतं, तेव्हा तो जेवायला वाढत नसतो, त्यानं विधवेशी लग्न केलेलं असतं. मूल झाल्यावर मध्यमवर्गीय वाचक चक्रावून पानं मागे उलटतो : अरे, नुसता पाट लावला होता ना?

शिव्यांबद्दल थोडक्यात. शहरी सुशिक्षित घरातल्या मुलांची या विषयातली सगळी प्रगती ग्रामीण आणि दलित साहित्यामुळे झाली, आणि ते पुस्तक अभ्यासक्रमात होतं असा बचावही त्यांना मिळाला. लहान मुलानं अर्थ विचारला तर वडील "जुन्या काळी वापरायचे" असं सांगून पेपर उघडतात. 'फुकणीच्या' या शब्दाला मात्र न घाबरता उत्तर देता येतं, कारण फुकणी म्हणजे चुलीत फुंकर मारायची नळी. पण आता चूल काय ते सांगावं लागतं, मग फुंकर कशाला ते सांगावं लागतं, आणि तोवर शिवीतली सगळी वाफ निघून जाते.

नवे शब्द न देता शब्दसंग्रह बदलून टाकणारा एकच मराठी कादंबरीकार मला माहीत आहे. भालचंद्र नेमाड्यांनी 'कोसला'त (१९६३) 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे दोन मळलेले शब्द असे वापरले की पुढे कॉलेजातली पिढीच्या पिढी तसंच लिहू लागली. उदाहरणार्थ, प्रेमपत्रं वगैरे. या दोन शब्दांना कुणाला कोश लागला नाही. पुढे २०१० साली त्यांच्या 'हिंदू'चं 'जगण्याची समृद्ध अडगळ' हे उपशीर्षक आलं, तेव्हा तर घराघरांतल्या पुरुषांवर उपकारच झाले. दिवाळीच्या आधी माळा आवरायला सांगितलं की मोडका टेबलफॅन, जुने ट्रान्झिस्टर आणि चार सुटकेसांकडे हात करून म्हणायला एक भारदस्त वाक्य मिळालं. माळा अजून तसाच आहे.

या सगळ्या शब्दांत मला सर्वांत जास्त धक्का दिला तो 'थारोळ्या'नं. हा शब्द मराठीत वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला येतो, आणि तो एकाच जागी येतो : रक्ताच्या थारोळ्यात. दुसऱ्या कशाचं थारोळं आजकाल कुणी बघितलेलं नाही. मग एका जुन्या कादंबरीत मोट सुरू असते, गडी गाणं म्हणत असतो, प्रसन्न सकाळ असते आणि पाणी भदाभदा थारोळ्यात पडतं. वाचक दचकतो. आता खून होणार असं वाटून तो पुढची पानं जपून वाचतो. खून होत नाही. थारोळं म्हणजे विहिरीच्या काठाचं ते छोटं कुंड, जिथे मोट रिकामी होते आणि पाणी पाटाला लागतं. मळ्यातला एवढा ओला, गार, भल्या पहाटेचा शब्द. मोटा बंद झाल्यावर बेकार झाला आणि वर्तमानपत्रात गुन्हेविषयक पानावर नोकरीला लागला.

मोटेबरोबर तिचं सगळं कुटुंबच गेलं. जाड दोर तो नाडा, बारीक तो सोंदूर, बैल मागे-पुढे करतात ती उतरती धाव, वर चाक, कणा. आनंद यादवांच्या 'गोतावळ्या'त (१९७१) मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि एकेक जनावर जातं. नारबा ते बघत राहतो. जनावरांबरोबर त्यांच्या अंगावरचे शब्दही दावणीतून सुटून जातात, आणि नंतर ते भेटायचे झाले तर कादंबरीतच भेटतात. विहिरीवर मोटेच्या जागी मोटर आली. नावात एकच अक्षर वाढलं, त्यामुळे कुणाला फार फरक जाणवला नाही.

हे शब्द आज शोधायचे तर काय करायचं? तर मळ्याकडे जायचं नाही, शिकागोकडे जायचं. शिकागो विद्यापीठानं दक्षिण आशियातल्या भाषांचे कोश संगणकावर खुले ठेवले आहेत. त्यात मोल्सवर्थ आहे, दाते-कर्वेही आहेत. कोल्हापूरकडच्या बैलाच्या गळ्यातला पट्टा, मिरजेच्या वाचकानं, रात्री अकरा वाजता, मोबाइलवर, अमेरिकेतून मागवायचा. मिळतो. फुकट मिळतो. आणि अंथरुणातून उठावं लागत नाही, कोश काढायला स्टूल लागत नाही, कुणाला दिसत नाही. म्हणजे मातृभाषेची इभ्रतही शाबूत. मी हल्ली चोरून बघतो. माझ्या डोक्यातले बरेच दागिने त्यामुळे भांडी निघाले. काही शब्द मात्र मी मुद्दाम बघत नाही. कथेतली ती मुलगी डोक्यावर जे काही घेऊन नदीवर जाते ते माझ्या डोक्यात इतकं सुरेख आहे, की मोल्सवर्थनं तिथे 'फुटकी घागर' असं काही सांगितलेलं मला परवडणार नाही.

आता या मजकुराला जोडून एक कामाची गोष्ट. आजच्या ग्रामीण कादंबऱ्या जरा नीट वाचा. त्यांत डीपी जळते, फेज जातो, फूटबॉल बसत नाही, बोअर कोरडी जाते, तारेवर आकडा टाकला जातो. आज हे सगळं आपल्याला लख्ख कळतं, म्हणून कुणी त्याचा अर्थ द्यायच्या फंदात पडत नाही. पण साठ-सत्तर वर्षांनी कुणीतरी हीच पुस्तकं वाचायला घेईल. तेव्हा शेतावर सोलर पंप असेल किंवा आणखी काही असेल. 'डीपी जळाली म्हणून पीक गेलं' या वाक्यातली डीपी म्हणजे मोबाइलवरचा फोटो असं समजून तो वाचक फार हळहळेल. 'विहिरीत फूटबॉल अडकला' हे वाचून त्याला पोरांचा खेळ वाटेल. नळाच्या टोकाची, पाणी धरून ठेवणारी झडप त्याच्या स्वप्नातही येणार नाही. जुन्या कोशांचा इथे उपयोग नाही. मोल्सवर्थमध्ये 'आंकडा' आहे, पण तो तारेवर टाकायचा नव्हे. त्या वेळी विजेची तारच नव्हती.

तेव्हा विनंती एवढीच, की वाचनालयातून आणलेल्या कादंबरीत असा एखादा शब्द दिसला तर समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात अर्थ लिहून ठेवा, खाली गावाचं नाव घाला, आणि ग्रंथपालांनी विचारलं तर ते अक्षर तुमच्या आधीच्या सभासदाचं आहे असं सांगा.